मीठ धुऊन गेल्यावर

एप्रिलचा दुसरा शनिवार, सकाळचे साडेआठ. हजर: माझा नवरा संजय, लेक ईशा आणि मी. सांगलीहून फोनवर: आप्पा, आणि त्यांच्यासमोर फोन धरायला माझी जाऊ स्मिता. गाडी गॅरेजच्या दारापर्यंत ढकलून आणलेली, तोंड रस्त्याकडे.

इथे अमेरिकेत, आमच्या पार्सिपनीत, हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पसरतात. बर्फ वितळायला ते लागतंच, पण जुन्या पत्र्याला ते विषासारखं. म्हणून जुन्या गाड्या बाळगणारी माणसं डिसेंबरात पहिलं मीठ पडायच्या आत गाडी झाकून ठेवतात, आणि वसंतात दोन-तीन दणकून पाऊस होऊन रस्ते धुऊन निघेपर्यंत बाहेर काढत नाहीत. कॅलेंडरवरच्या वसंताला आमच्या गॅरेजमध्ये काही किंमत नाही. मी रस्त्याच्या कडेला बोट फिरवून बघते. बोट पांढरं झालं तर थांबायचं. परवा तिसरा पाऊस झाला. काल ऑफिसातून येताना कोपऱ्यावर थांबले, खाली उतरून वाकले आणि कडेला बोट फिरवलं. ओलं निघालं, काळं निघालं, पांढरं नाही. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. मी त्याला हात केला आणि घरी आले.

आल्या आल्या गॅरेजच्या भिंतीवरची यादी काढली. ही यादी मी दर वसंतात नव्या कागदावर उतरवते, कारण जुना कागद तेलकट बोटांनी इतका पारदर्शक झालेला असतो की मागची भिंत दिसते. कामं तीच. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात कोंबलेला तारेचा बोळा काढणे. बॅटरी जोडणे. तेल बघणे. पेट्रोलच्या नळ्यांना चिरा गेल्यात का ते हात फिरवून बघणे. अशी एकूण चौदा. त्यातली तेरा दर वर्षी खोडली जातात. चौदावं तसंच राहतं आणि पुढच्या वर्षीच्या कागदावर जातं.

चौदावं काम असं आहे: आप्पांना गाडीतून एक चक्कर.

आप्पा म्हणजे माझे सासरे. वय चौऱ्याऐंशी. डॉक्टरांनी त्यांचा विमानप्रवास गेल्या वर्षीच बंद केला. वेळापत्रकं आखणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. जे काम होणारच नाही ते यादीत ठेवायचं नाही, हे मी ऑफिसात नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवते. काल तेरापर्यंत लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि स्वयंपाकाला लागले.

वसंत आला की गॅरेजला एक वास येतो. बंद हवेचा, रबराचा, जुन्या पेट्रोलचा, आणि खाली सिमेंटमध्ये मुरलेल्या रॉकेलचा. दार वर गेलं की तो वास आधी बाहेर पडतो आणि मग आपण आत जातो. त्या वासात मला सात वर्षांपूर्वीचा उन्हाळा सापडतो. दर वेळी पहिल्यांदा आप्पांच्या स्लिपरांचा आवाज येतो, मग बाकीचं.

त्या वर्षी आई गेल्या. माझ्या सासूबाई. फेब्रुवारीत गेल्या आणि एप्रिलमध्ये संजय आप्पांना इकडे घेऊन आला. सहा महिने राहता येतं, तेवढे राहतील, जरा बदल होईल, असा विचार. आप्पांचं सांगलीत मार्केट यार्डाजवळ गॅरेज होतं, चाळीस वर्षं चालवलेलं, आता धाकट्या दिरांनी भाड्याने दिलेलं. आमच्याकडे आल्यावर ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसले ते बसलेच. जेवा म्हटलं की जेवायचे. झोपा म्हटलं की उठून आत जायचे. मी त्यांच्यासाठी सुद्धा आखणी केली होती: सोमवारी देऊळ, बुधवारी लायब्ररी, शनिवारी आयसेलिनच्या देशी दुकानांत भाजी आणि एखादी चक्कर. ते सगळीकडे आले. कुठेच नव्हते.

आणि गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली एक मेलेली गाडी होती.

ती आमच्याकडे आली ती माझ्या यादीमुळेच. दोन घरं पलीकडे डोरोथी राहायची, ऐंशीच्या घरातली, एकटी. घर विकून मुलीकडे जायचं ठरलं तेव्हा सामानाची वाटणी करून द्यायला मी तिच्याकडे तीन रविवार गेले. न्यायचं, द्यायचं, विकायचं, असे तीन रकाने. सगळं घर त्या तीन रकान्यांत बसलं. शेवटी आम्ही तिच्या गॅरेजमध्ये गेलो आणि तिने एक धुळकट चादर ओढली. खाली एक हिरवट, टायर बसलेली, काचेवर कोळ्यांची जाळी असलेली गाडी. इथे अशा गाड्यांना मसल कार म्हणतात: दोन दारं, लांबलचक नाक आणि त्या नाकाखाली गरजेपेक्षा कितीतरी मोठं आठ सिलिंडरचं इंजिन. तिच्या नवऱ्याने लग्नाआधी नवी घेतलेली. तो गेल्यापासून ती हलली नव्हती. मी पेन सरसावून विचारलं, कुठल्या रकान्यात? डोरोथी म्हणाली, "ते मला कळत नाही, म्हणून तर तुला आत आणलं."

संजयला घरी येऊन सांगितलं तर तो चपला न घालताच तिकडे गेला. लहानपणी सांगलीच्या घरात त्याच्या कपाटाच्या दाराला आतून अशाच गाडीचं चित्र चिकटवलेलं होतं, परदेशी मासिकातून फाडलेलं. आप्पांनी तेव्हा बघून म्हटलं होतं, "पेट्रोल पिणारं जनावर आहे ते. अभ्यास कर." डोरोथीने गाडी आम्हाला दिली ती एका अटीवर. नुसती पुसून ठेवायची नाही, चालवायची.

आप्पा खिडकीत बसल्याला दोन आठवडे झाले होते. एका शनिवारी संजय फोनवर व्हिडिओ लावून पुढच्या चाकाजवळचा एक बोल्ट सोडवत होता. तो सॉफ्टवेअरवाला; हत्यारं नवी, पेटी नवी, हातमोजे नवे. मी भाजी निवडत होते. खिडकी उघडी होती. पाना घसरल्याचा आवाज आला, मग पुन्हा, मग पुन्हा. आप्पा खुर्चीतून उठले आणि स्लिपरा ओढत गॅरेजमध्ये गेले. मी हातातली मेथीची जुडी घेऊनच मागून गेले.

"तीनदा घसरला," आप्पा म्हणाले. "कितीचा लावलायस?"

"तेराचा."

"गाडी कुठली?"

"इथलीच, आप्पा. अमेरिकन."

"मग इंचातली असणार. तेराचा सैल पडतोय तिला. डोकं गोल केलंस की बोल्टचं. अर्ध्याचा आण."

संजयने नव्या पेटीतून अर्ध्या इंचाचा पाना शोधला. आप्पांनी तो हातात घेऊन नुसता तोलला. त्यांनी तरुणपणी शिकताना जुन्या जीपांवर काम केलं होतं आणि त्या जीपा इंचात होत्या. "अर्धा, नऊ-सोळा, पाच-आठ," ते पुटपुटले, एखाद्या जुन्या गल्लीतली घरं ओळखावीत तसे. मग खाली बसायला लागले. मी धावत जाऊन देवघरातला पाट आणला. तो पाट मग गॅरेजमध्येच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून माझी आखणी बंद पडली. बुधवारच्या लायब्ररीचं विचारलं तर आप्पा म्हणाले, "आज डिस्ट्रिब्युटर काढायचाय."

गाडी सुटी करणं हे पसारा काढण्यासारखं काम आहे आणि पसारा म्हटलं की माझी पाळी. आप्पा एकेक भाग काढायचे, रॉकेलच्या तसराळ्यात धुवायचे, हातात धरून नाव सांगायचे. मी पिशवीत घालून चिठ्ठी लिहायची. 'डाव्या दाराची बिजागरी, वरची.' 'पुढच्या बंपरचे बोल्ट, चार लांब, दोन आखूड, आखूड आतल्या बाजूला.' 'हे कशाचं ते आप्पांना आठवेना, फेकू नये.' नऊ खोके भरले. माझं अक्षर चांगलं आहे. प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, प्रत्येक खोक्याला क्रमांक. त्या खोक्यांकडे बघून मला जे समाधान वाटायचं ते मी कुणाला सांगितलं नाही.

जुलैत गाडीचा सांगाडा पत्र्याच्या कामाला आणि रंगाला पलीकडच्या गावात रे नावाच्या माणसाकडे गेला. बरोबर नऊ खोके गेले. चौथ्या दिवशी रेचा फोन. "मॅम, इतक्या सुबक पिशव्या मी आयुष्यात बघितल्या नाहीत. पण यातली एकही मला वाचता येत नाही."

सगळ्या चिठ्ठ्या मराठीत होत्या. आप्पा मराठीत सांगत होते, मी मराठीत लिहीत होते, आणि तीन महिन्यांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की गाडी अमेरिकेत आहे. मोठमोठ्या प्रकल्पांचे कागद तपासणारी बाई मी. संजय हसून हसून जमिनीवर बसला. आप्पा मात्र गंभीर होते. "त्यात काय चुकलं," म्हणाले, "आपली गाडी आहे, आपल्या भाषेत लिहिलं."

मग उन्हाळाभर मी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन रेच्या शेडमध्ये जायची. मी पोळीभाजी खात खात पिशव्या वाचून दाखवायची, तो बसवायचा. ऑगस्टच्या शेवटी त्याला दोन अक्षरं ओळखू यायला लागली. डाव्याचा 'डा' आणि उजव्याचा 'उ'. 'उ' त्याला तीनच्या आकड्यासारखा दिसायचा, म्हणून तो उजव्या बाजूला 'थ्री साइड' म्हणायचा. त्याच्याकडे काम करणारेही म्हणायला लागले. डिकीच्या झाकणाला आतून आप्पांनी पेन्सिलीने बिजागऱ्यांचा क्रम लिहून ठेवला होता. रंग मारायच्या आधी रेने विचारलं, हे घासून टाकू का? मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, ठीक आहे, राहू दे. तेवढ्या तळहाताएवढ्या जागेवर त्याने रंग मारला नाही, नुसता पारदर्शक थर दिला. गडद हिरव्या झाकणात आजही तिथे करड्या पत्र्यावर आप्पांचं अक्षर आहे. जुनी गाडी किती नवी करायची आणि कुठे थांबायचं, हा प्रश्न घेऊन लोक तासन्‌तास वाद घालतात. मला त्यातलं फार कळत नाही. एवढं कळतं की ती जागा घासली असती तर मी डबा घेऊन पुन्हा तिथे गेले नसते.

घरी तोवर इंजिन स्टँडवर टांगलेलं होतं आणि आप्पा त्याच्याशी बोलत होते. खरंच बोलत होते. आमच्याशीही बोलायला लागले होते, पण हात कामात असेल तरच. समोरासमोर बसवून विचारलं की पुन्हा गप्प. म्हणून मला काही विचारायचं असलं की मी चहा घेऊन गॅरेजमध्ये जायची आणि त्यांच्या हातात एखादा भाग येईपर्यंत थांबायची. संध्याकाळी हात धुताना ते माझ्या डब्यातलं बेसन घ्यायचे. ग्रीस बेसनानेच निघतं, साबणाने नाही, असं त्यांचं म्हणणं. सिंकमध्ये करडा पिवळा चिखल व्हायचा. मी ओरडायची आणि पुढच्या शनिवारी आयसेलिनहून दोन किलो जास्त आणायची.

एकदा कार्बोरेटर साफ करत होते. बारीक पितळी तोट्या तोंडाशी धरून फुंकायच्या, उजेडाकडे धरून बघायच्या. मध्येच म्हणाले, "हिला आवाजावरून कळायचं."

"कुणाला, आप्पा?"

"तुझ्या सासूला. मी दुरुस्त केलेली गाडी घेऊन यायचो बघ, कधी जीप, कधी कुणाचा टेम्पो. रोज वेगळी. तरी वळणावर आवाज आला की ती चहा टाकायची. एकदा विचारलं, तुला कसं कळतं मीच आहे? तर म्हणाली, तुम्ही वळणावर गिअर उशिरा टाकता." त्यांनी तोटी पुन्हा उजेडाकडे धरली. "चाळीस वर्षं उशिरा टाकत होतो. कुणी सांगितलंच नाही."

चहा गार होत होता. ते पुढची तोटी फुंकायला लागले.

ईशा तेव्हा तेरा वर्षांची होती आणि तिला घरातल्या कशातच रस नव्हता. पण गाडी रंगून घरी आली, इंजिन बसलं आणि सप्टेंबरच्या शेवटी ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा ती शाळेतून येऊन दप्तरासकट गॅरेजमध्ये उभी होती. आधी दोन खोकले, मग धूर, मग असा आवाज की शेल्फावरचे डबे वाजायला लागले आणि मला तो पायांतून वर आलेला जाणवला. आप्पांनी हात वर केला. सगळे गप्प. मग मला म्हणाले, "वृंदा, एक फुलपात्र पाणी आण."

मला वाटलं प्यायला. त्यांनी ते घेतलं आणि सरळ इंजिनच्या वर, एअर क्लीनरच्या झाकणावर ठेवलं.

"आप्पा, ते देवाच्या पाण्याचं आहे."

"असू दे की. ईशा, इकडे ये. पाण्याकडे बघ. काय दिसतंय?"

"रिंग्ज."

"इंजिन नीट लागलं की पाणी झोपतं. आता बघ." त्यांनी स्क्रूड्रायव्हरने कार्बोरेटरचा एक स्क्रू पाव आटा फिरवला, मग दुसऱ्या बाजूचा. पाण्यावरची वलयं लहान होत गेली. "झोपलं?"

"ऑलमोस्ट."

"हिचं पूर्ण झोपायचं नाही. मोठं इंजिन आहे. कूस बदलत राहील. तेवढं चालतं."

ईशाने त्यानंतर रोज शाळेतून आल्यावर फुलपात्र भरून न्यायला सुरुवात केली. देवासाठी मी दुसरं काढलं.

आता जे लिहायचं आहे ते थोडक्यात लिहिते.

आप्पांचं परतीचं विमान ऑक्टोबरच्या एका मंगळवारी होतं. आदल्या शनिवारी गाडी अशी होती: इंजिन चालू, रंग झालेला, चाकं लावलेली, ब्रेक बसवलेले. आत काहीही नाही, नुसता रंगवलेला पत्रा. सीट तयार होत्या. त्यांच्या आतल्या स्प्रिंगा आप्पांनीच एकेक करून बांधल्या होत्या, वरची कव्हरं नवी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून तळघरात ठेवलेली. माझ्या यादीत क्रम असा होता: आधी वायरिंग, मग खालचा गालिचा, मग सीट.

संजय म्हणाला, "एक सीट लावू या. चार बोल्ट. अर्ध्या तासाचं काम आहे. आप्पांना बसवू, दोघं ड्राइव्हवेमध्येच पुढे-मागे करू. मी डब्यावर बसून चालवतो."

मी म्हणाले, "खाली गालिचा नाही. सीट लावायची, परत काढायची, त्यात कव्हर फाटलं तर? आणि आता बॅगा भरायच्यात. पुढच्या वर्षी येणारच आहेत की. तेव्हा नीट, रस्त्यावरून फिरवून आणू."

संजयने आप्पांकडे बघितलं. आप्पा पाटावर बसून हात पुसत होते.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "क्रमाने होऊ दे."

त्यांनी माझी बाजू घेतली. त्या वेळी मला बरं वाटलं होतं. पुढे कितीदा तरी वाटलं की त्यांनी हट्ट करायला हवा होता, एकदा तरी. पण ते हट्ट करणारे नव्हते आणि हे मला सहा महिन्यांत कळायला हवं होतं. निघताना विमानतळावर त्यांनी ईशाला विचारलं, "माझी चक्कर लक्षात ठेवशील ना?" ती म्हणाली, "आईच्या लिस्टवर टाकते." घरी येऊन तिने खरंच टाकली. भिंतीवरच्या कागदावर सगळ्यात खाली, तिच्या वाकड्यातिकड्या मराठी अक्षरात.

पुढच्या वर्षी जगच बंद पडलं. त्याच्या पुढच्या वर्षीही ते जमलं नाही. मग आप्पा पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मग हृदयाचं निघालं. मी दर वेळी तारीख पुढे सरकवली. माझ्या हातात ती विद्या आहे.

पण दर वसंतात एक रिवाज पडला. गाडी पहिल्यांदा सुरू करायची ती आप्पांना फोन लावून. आमची सकाळ, त्यांची संध्याकाळ. फोन इंजिनजवळ धरायचा आणि ते तिकडून ऐकायचे. एका वर्षी म्हणाले, "चौथा प्लग बघ." तो खरंच काळा पडला होता. एका वर्षी खूप वेळ नुसतं ऐकलं. मग म्हणाले, "छान बोलतेय." सात-आठ हजार मैलांवरून एक माणूस आमच्या गॅरेजमध्ये पाटावर येऊन बसल्यासारखा वाटायचा. गॅरेजमधला तो पाट मी अजून देवघरात नेलेला नाही.

या हिवाळ्यात आप्पांचे कान गेले. दोन्ही कानांना यंत्रं आहेत, पण फोन जवळ नेला की यंत्र शिट्टी घालतं. स्मिता परवा म्हणाली, "वहिनी, व्हिडिओच करा. जवळ तोंड नेऊन ओरडलं तर माझं थोडं ऐकू येतं त्यांना. बाकी नाही. पण दिसेल तरी."

म्हणून आज सकाळी फोन ईशाच्या हातात होता. ती आता वीस वर्षांची आहे, पिस्कॅटवेला कॉलेजात, आणि या एका शनिवारासाठी पहिल्या बसने घरी येते. स्क्रीनवर आप्पा. स्वेटर, कानात यंत्रं, चेहरा आधीपेक्षा लहान.

संजयने किल्ली फिरवली. एक खोकला, दुसरा खोकला, आणि मग तो आवाज पायांतून वर आला. शेल्फावरचे डबे वाजले. समोरच्या घरातला माणूस खिडकीत येऊन अंगठा दाखवून गेला. ईशाने फोन इंजिनवर धरला, पुढे, बाजूने, सायलेन्सरशी. आम्ही तिघंही आप्पांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. चेहरा तसाच होता. वाट बघत होता.

बऱ्याच वेळाने आप्पा म्हणाले, "चालू कर की, संजय. किती वेळ लावतोस."

गाडी पूर्ण मिनिटभर चालू होती.

संजयने मान खाली घातली. त्याचा हात किल्लीकडे गेला आणि मला कळलं की तो बंद करणार आहे. मला काही सुचेना. मला सहसा सुचतं.

"वेट," ईशा म्हणाली. "डोंट टर्न इट ऑफ. वन सेकंड, आजोबा." तिने फोन माझ्या हातात कोंबला आणि घरात पळाली. परत आली तेव्हा तिच्या हातात फुलपात्र होतं, काठोकाठ, अर्धं बोटांवर सांडलेलं. तिने ते झाकणावर ठेवलं आणि माझं मनगट धरून फोन बरोबर त्याच्यावर आणला.

आप्पा पुढे झुकले. "चष्मा दे," त्यांनी स्मिताला म्हटलं. चष्मा लावून ते स्क्रीनच्या इतके जवळ आले की आम्हाला नुसतं कपाळ आणि भिवया दिसत होत्या. पाण्यावर वलयं उठत होती, काठाला आपटून परत येत होती.

"चालू आहे होय," ते म्हणाले. मग, "आजारी आहे पण. संजय, उजव्या बाजूचा स्क्रू. पाव आटा उघड."

संजयने उघडला.

"जास्त झालं. परत घे. हां. आता डावा. अगदी थोडा. थांब." आम्ही थांबलो. वलयं बारीक झाली, मग अजून बारीक. स्क्रीनवर त्यांचं बोट आलं, पाण्याच्या बरोबर वर, जणू तिथून दाबून धरणार होते. "झालं. कूस बदलतंय. राहू दे तसंच."

"थ्री साइड वॉज ऑफ," ईशा पुटपुटली, आणि संजय हसला. डोळे त्याने ग्रीसच्या हातानेच पुसले. गालावर काळा पट्टा उमटला.

मग आप्पा म्हणाले, "आत दाखव की, वृंदा. सीट."

मी दार उघडून फोन आत नेला. शेजारची सीट दाखवली. हाताने दाबून दाखवली, स्प्रिंगा खाली जाऊन परत वर आल्या.

"कोण बसतं तिथं?"

"मी बसते, आप्पा." स्मिताने ते त्यांच्या कानात मोठ्याने सांगितलं.

"टोचत नाही ना कुठं?"

"नाही."

ते जरा वेळ सीटकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि माझं आहे ना अजून? यादीत?"

भिंतीवर माझ्या मागेच नवा कागद होता. स्वच्छ, कोरा करकरीत, तेरा ओळींचा. मी फोन छातीशी घेतला, कागद त्यांना दिसू नये म्हणून.

"आहे," मी म्हणाले.

स्मिताने सांगितलं. आप्पांचा आवाज आला, "कितव्या नंबरला?"

"चौदाव्या."

"सगळ्यात शेवटी ठेवलंस होय."

"तुम्हीच म्हणालात, आप्पा. क्रमाने होऊ दे."

हे स्मिताला दोनदा ओरडून सांगावं लागलं. दुसऱ्या वेळी त्यांना कळलं. मी फोन छातीपासून दूर धरला तेव्हा ते खाली बघून हसत होते, खांदे हलत होते. मग त्यांनी हात वर केला, तसाच, इंजिन ऐकताना करायचे तसा, आणि स्मिताने फोन बंद केला.

आम्ही गाडी बाहेर काढली. संजय चालवायला, मी शेजारी, मागे ईशा, पाय दुमडून. धुतलेल्या रस्त्यावरून तळ्यापर्यंत जाऊन आलो. डॉगवूडच्या झाडांना कळ्या आल्या होत्या. परतताना आमच्या कोपऱ्यावरच्या वळणाला संजयने गिअर उशिरा टाकला. त्याला माहीत नसेल.

घरी आल्यावर तेरा कामांवर रेघ मारली. मग पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

१४. आप्पांना गाडीतून एक चक्कर.